ओपीडीचा भोंगा

दवाखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. नवे डॉक्टर पहिल्या दिवशी दचकत, मग हसत, आणि आठवडाभरात त्यांचेही कान मरत. ओपीडीत रोग्यांना पुकारणं हे त्याचं काम. बाकांवर गर्दी, पोरांची रडारड, जिकडेतिकडे खोकला, आणि त्या सगळ्यावरून त्याचा आवाज असा जाई, की फाटकाशी उभा असलेला बहिरट म्हाताराही आपलं नाव ऐकून काठी सावरत आत येई.

"घरात तरी हळू बोला," बायको म्हणे. "मी शेजारी बसलेय, नदीपल्याड नाही."

"हळू बोलायची सवय लागली तर पोटावर पाय येईल," तो म्हणे.

आवाजाचा त्याला अभिमान होता. दुसरं अंगचं असं त्याच्यापाशी होतं तरी काय? शाळा अर्ध्यावर सुटलेली, हातात कसब नाही. नशीब म्हणून घसा तेवढा चांगला मिळाला होता.

अडचण एकच होती. एका नावाची माणसं फार. एक नाव घ्यावं तर तीन बाया उठत आणि दाराशी भांडण लागे. म्हणून त्यानं आपली एक तोड काढली होती. दोन सारखी नावं आली की तो आजार जोडून पुकारी. "मुतखडा आत या! साखरवाले बसा!" रांग भराभर सरके. लोक हसत. मोठे डॉक्टर जाता जाता म्हणत, "काय भोंगा, आज घसा बसला की काय? माझ्या खोलीत काही ऐकू आलं नाही." त्याला ती शाबासकीच वाटे.

त्या सकाळीही एका नावाला दोघी उठल्या. एक जाडजूड, धापा टाकणारी. दुसरी तोंडाला मास्क लावून कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. त्यानं पहिलीला हातानंच बसवलं आणि दुसरीकडे बोट करून ओरडला, "दमेवाली नव्हे, टीबीवाली! टीबीवाली आत या!"

ती जागची हलली नाही. समोरच्या बाकावर एक तरुण आई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मास्ककडे पाहिलं, वरच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि लेकराला उराशी ओढलं.

"अगंबाई! मावशी, तुम्ही?"

मावशी पाळणाघर चालवायची. आजार कळल्यावर तिनं काहीतरी निमित्त सांगून ते बंद ठेवलं होतं. गोळ्या लागू पडल्या, तपासणी झाली, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच तिनं मुलं परत घेतली होती. पण डॉक्टरांनी हे सांगितलं होतं दाराआड. भोंग्याचं बोलणं दाराबाहेर झालं. संध्याकाळपर्यंत पाळणाघर ओस पडलं. घरमालकानं दुसरी जागा बघा म्हणून सांगितलं. तिनं दवाखान्यावर दावा लावला. माझा आजार चारचौघांत फोडायचा अधिकार यांना कुणी दिला, एवढंच तिचं म्हणणं.

दवाखान्याच्या वकीलबाईंनी भोंग्याला खुर्ची दिली. दवाखान्यात त्याला कुणी खुर्ची दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"काका, सोपं आहे. रोग्याचा आजार उघड करायचा नाही हा नियम मला सांगितला होता, तरी माझ्याकडून चूक झाली, एवढं म्हणा. मग दवाखान्यावर काही येत नाही. तुम्हाला समज देऊन भांडारात बदली. निवृत्ती जवळ आलीय, पेन्शन सुखानं घ्या."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दवाखाना अडकेल. आणि दवाखाना अडकला की तुम्ही सुटाल, असं वाटतं का तुम्हाला?"

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "नियम सांगितला होता का पण?" तिनं विचारलं.

"छे गं. कोण सांगणार?"

तिनं त्याचं ताट वाढलं. जेवली मात्र नाही.

सुनावणीच्या खोलीत मागचे बाक आपापल्या दाव्यांसाठी आलेल्या लोकांनी भरले होते. न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही नेमकं काय ओरडलात, ते सांगा."

भोंग्यानं मागच्या बाकांकडे वळून पाहिलं. मावशी खाली बघत होती.

"साहेब, आधी या लोकांना बाहेर पाठवा."

"आता लाज वाटते होय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि खसखस पिकली. न्यायाधीशांनी खोली रिकामी करवली. मग त्यानं शब्द न् शब्द सांगितला.

"असं करायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

वकीलबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या.

"नाही साहेब. कुणीच नाही. मोठे डॉक्टर रोज ऐकायचे, हसायचे. मीही हसायचो."

निकाल मावशीच्या बाजूनं लागला. साक्षीनंतर आठवड्यातच दवाखान्यानं भोंग्याला काढलं होतं आणि पेन्शन चौकशीत अडकवली होती. निकालाच्या दिवशी मावशी त्याला कोर्टाच्या जिन्यापाशी भेटली. वाळून निम्मी झाली होती.

"बाई, मला खरंच कळत नव्हतं हो."

"काय कळत नव्हतं? टीबी म्हटल्यावर लोक काय करतात, ते?"

 त्यानं विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"नाहीत."

"अहो, असं कसं? मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. डॉक्टर सगळ्यांना सांगतात ते."

"त्या बाकावर परत जाऊन बसू?"

"मी नाही आता तिथं. मला काढलंय."

"तुम्ही नाही. पण माणसं तीच आहेत ना?"

तिला खोकल्याची उबळ आली. जिन्यावरची माणसं पटापट बाजूला झाली. तिनं कठडा धरला. भोंगा तिच्या शेजारी उभा राहिला. उद्या सकाळी मी येतो तुमच्याबरोबर, डॉक्टरांच्या दारापर्यंत, असं तो म्हणाला, पण खोकल्यात तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. उबळ थांबल्यावर ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या फाटकाशी दुपारपर्यंत उभा होता. ती आली नाही.