निपाणीकडचा दोष

अण्णांना अल्झायमर निघाला. डॉक्टर म्हणाले, पेशींना ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकं आईकडूनच येतात. त्यांच्यामुळं एन्झाइमात फरक पडून धोका थोडा वाढत असेलही. अण्णांची बहीण, माझी आत्या, तेवढंच उचलून टिळकवाडीत आमच्या घरी आली.

"म्हणजे हा निपाणीकडचा दोष."

आई भडकली. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत, त्यामुळं अण्णांच्या आईचं आणि माझ्या आईचं माहेर एकच, निपाणी.

"वन्सं, तुमची आई तरी कुठली?"

आत्याचा चेहरा पडला, आवाज मात्र चढला. विज्ञानाचा आमच्या घरात उपयोग एवढाच. तेवढ्यात अण्णा टोपी घालून, पिशवी घेऊन बाहेर आले.

"निपाणीत कुणाला तरी बरं न्हाय म्हणं. चला, बघून येऊया."