माधवचं घडीचं स्टूल

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूमच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. जुडी तिथंच टाकली. पाच महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो, आणि कारण काय, तर आमच्या गावचा डोंगर!

माधव माझा शाळासोबती, पुढं भूगोलाचा प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्याला एकच खूळ लागलं. आपल्या जिल्ह्यात लोकांनी मुद्दाम फिरायला यावं अशी जमीन कुठं कुठं आहे, ते नकाशावर मांडायचं. चढ, पाणी, सावली, रस्ता... प्रत्येकाला गुण द्यायचे; संगणक बेरीज करायचा आणि चांगली जागा हिरवी दिसायची. पण एक रकाना त्याचा स्वतःचा होता. येडशीच्या जंगलापासून तेरखेड्याच्या माळापर्यंत तो एक घडीचं स्टूल घेऊन हिंडायचा. भेटेल त्याला त्यावर बसवायचं, आपण गप्प राहायचं आणि माणूस किती वेळानं उठतो ते घड्याळात बघून वहीत लिहायचं. एका मेंढपाळानं त्याला विचारलं, "सायेब, बसायचंच तर भुईवर काय वाईट हाय?" यावर गडी आठवडाभर विचार करत होता.

आमचा डोंगर हिरवा व्हावा म्हणून मीच त्याला हट्टानं नेलं. पाहुणे यायला लागले तर माझ्या सुनेला पायथ्याशी खानावळ काढायची होती. स्टुलावर बसलो आणि थोड्याच वेळात उठून दाखवायलाच लागलो, ते बघ तळं, ती बघ जुनी वाट...

"चार मिनिटं," माधव म्हणाला.

"आरं, म्या तुला दाखवाया उठलो!"

"व्हय, पण उठलास की. तुझाच डोंगर, आन् तुलाच बसवंना व्हय रं?"

नकाशावर डोंगर पिवळाच राहिला. माझं डोकं सटकलं. "घाल तुझा नकाशा चुलीत!" म्हणून खाली उतरलो, ते नंतर त्याचे फोनही उचलले नाहीत. लई चुकलं माझं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी स्टूल आणि वही माझ्या हातात दिली. "तुमीच न्या भाऊजी, मला बघवत न्हाय." वहीत माझ्या नावापुढं चार मिनिटं लिहिलेली. खाली त्याच्या बारीक अक्षरात होतं, ‘ह्याला परत बसवायचं. मी शेजारी नको.’ म्हणजे तेवढ्यासाठीच फोन करत होता तो!

परवा स्टूल घेऊन डोंगरावर गेलो. गप्प बसलो. वारा तळ्याकडून चढतो. आधी खालचं गवत निजतं, मग मधलं, मग तो आपल्या पायाशी येतो. सगळा जन्म इथं गेला, पण हे मी कधी बघितलंच नव्हतं. सून खालून हाका मारायला लागली तेव्हा उठलो. लिहावं म्हणून वही उघडली, आणि लक्षात आलं, बसताना घड्याळ बघायचंच राहून गेलं. ते माधव बघायचा.