रेडिओतली खरखर

आबा, म्हणजे माझे वडील, न्हाणीत पडले आणि मांडीचं हाड मोडून कॉटला खिळले. मी शाळेत विज्ञान शिकवते. स्वयंपाकघरातून त्यांच्यापर्यंत पाणी आणि गोळ्या न्यायला मी रिमोटवर चालणारी चार चाकांची छोटी गाडी बनवली. आबांनी ती खपवून घेतली, पण गाडी सुरू झाली की त्यांचा रेडिओ खरखरायचा. सकाळचे बाजारभाव ऐकूच येईनात.

रेडिओ जुना झालाय, असं मी म्हणाले. आबांनी गाडी मागून घेतली. चाकं अधांतरी फिरवत ती रेडिओजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"रेडिओ ब्येस हाय. तुझी मोटर ठिणग्या टाकतीया."

त्यांची सगळी उमर उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीतल्या आपल्या दुकानात, पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करण्यात, म्हणजे जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळण्यात गेली. लहानपणी मी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहायचे. पोरींचं काम न्हवं ह्ये, म्हणून ते मला घरी पिटाळायचे.

आता त्यांनीच समजावलं. मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घासतात तिथं ठिणगी उडते, आणि तारा ती खरखर खोलीभर पसरवतात. ती खरखर जागीच जिरवायला मी प्रत्येक मोटरीला तीन बारके कपॅसिटर लावायला घेतले: एक दोन टोकांच्या मध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरीच्या पत्र्याच्या खोळीला एकेक. खोळीवर सोल्डर धरेना. आधी पॉलिशपेपरनं घास, म्हणाले. मोटर त्यांनी स्वतः चिमट्यात धरली. मी सोल्डरचा डाग देईपर्यंत ती जराही हलू दिली नाही. मग तारांना पीळ घातला आणि त्या आखूड केल्या. मोटरीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, गिअरच्या दात्यांना ग्रीस लावलं, तशी गाडीची घरघरही कमी झाली.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर गुळाचे भाव स्वच्छ ऐकू आले. आबा ऐकत पडले होते. मला राहवलं नाही.

"आबा, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही शिकवलं?"

"तू कवा इचारलंस?"

मी विचारलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. पण त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी वाद घातला नाही. वरच्या फळीवरचा बंद पडलेला मिक्सर काढला, त्यांच्या कॉटवर आणून ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजारी बसले.