शिडीवाल्याची दहा मिनिटं

आमच्या भावोजींकडे चावी करायला गेलेला माणूस दोन मिनिटांत परत आला, तर समजावं की त्याने भावोजींचा अपमान केला आहे.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. औषधांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधल्या फटीत त्यांची चाव्यांची टपरी आहे. दोन्ही हात पसरले तर दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींना लागतात. मागे फळीवर कोऱ्या चाव्या ओळीने टांगलेल्या, पुढे चाव्या कापायचं यंत्र आणि तीन कानशी. यंत्रावर चावी कापायला दोन मिनिटं लागतात. पुढची आठ मिनिटं भावोजी त्या चावीला कानशीने गोंजारत बसतात. चावीला त्याची काही गरज नसते. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाने शिडीवाला खेळून बघावा, एवढीच त्यांची इच्छा असते.

शिडीवाला हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. यंत्र तळहाताएवढं आणि पडदा काडेपेटीहून थोडा मोठा. खेळाचं खरं नाव कॅसेटवर कुठल्याशा परक्या लिपीत आहे, ते आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. भावोजींना अकरा वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारात अशा दोन कॅसेट आणि दोन यंत्रं मिळाली. काढणारी कंपनी तेव्हाच बुडाली होती. लोकांनी विचारलंच नाही, दुसरं काय. पण भावोजींच्या मते जगाने केलेल्या चुकांमध्ये ही पहिल्या पाचात येते.

“मारामारी नाही, बंदूक नाही, घड्याळ नाही,” ते गिऱ्हाइकाला सांगायचे. “एक माणूस, एक शिडी, एक दार. शिडी लावायची आणि दारापर्यंत पोचायचं. दहा मिनिटं आहेत ना? खेळून बघा.”

हे ते पोस्टमनला सांगायचे, दातांच्या डॉक्टरला सांगायचे, पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही सांगायचे. गल्लीत त्यांचं नावच शिडीकाका पडलं. मी रोज एक वाजता त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा हे भाषण कानावर पडायचंच. मला मात्र त्यांनी ते कधीच ऐकवलं नाही. कॅसेट आणली त्या दिवशी एकदाच ते यंत्र माझ्यापुढे धरून म्हणाले होते, “वहिनी, दहा मिनिटं आहेत?” गॅसवर दोन भांडी होती, एक उतू चाललं होतं. मी म्हणाले, “भावोजी, या घरात दहा मिनिटं कुणाला असतात?” त्यांनी यंत्र खिशात घातलं आणि परत विचारलं नाही.

आता एवढा आग्रह कशासाठी? त्यात माणसाचा स्वार्थ होता, हे मला पुढे कळलं. एका कॅसेटमध्ये खेळाचे पाच भाग आहेत. पहिल्या चारांत प्रत्येकी चाळीस खोल्या. दुसऱ्या भागात शिडी चढली की तिची एक पायरी कमी होते, तिसऱ्यात ती दुमडते, चौथ्यात दिसतच नाही, आठवणीने लावावी लागते. हे चार भाग भावोजींनी पहिल्याच वर्षी एकट्याने पुरे केले. पाचव्याला घोडं अडलं. तो दोघांनी खेळायचा असतो, दोन यंत्रं तारेने जोडून. एकाने शिडी धरायची, दुसऱ्याने चढायचं. आणि दोघांचेही आधीचे चार भाग पूर्ण झालेले लागतात. म्हणजे गल्लीतला कुणीतरी एकशे साठ खोल्या पार करेपर्यंत शेवटचं दार बंद. अकरा वर्षं दुसरं यंत्र गिऱ्हाइकांच्या हातात फिरत होतं, आणि एकही माणूस दहाव्या खोलीपलीकडे गेला नव्हता.

त्यात यंदा टीव्ही दुरुस्तीवाल्याने नवीनच भीती घातली. भावोजींची कॅसेट उघडून तो म्हणाला, “आत बटणाएवढा सेल आहे काका. कुठवर खेळलात ते त्याच्या जोरावर लक्षात राहतं. हा आता वर्षभर काढेल, नाहीतर उद्याच जाईल.”

“मग बदलून टाक.”

“काढला की सगळं पुसलं जातं.”

त्या दिवशी भावोजींनी डबा तसाच परत पाठवला. भाजी त्यांच्या आवडीची होती, म्हणून सांगते.

मग आल्या तपासनीसबाई. त्या शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसतात. प्रत्येक शर्ट दिव्याखाली उलटासुलटा करायचा आणि जिथे टाका सुटला असेल तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची, हे त्यांचं काम. कपाटाची चावी करायला आल्या, केलेली चावी उजेडात धरली, पर्समधून पट्टी काढली आणि चावीच्या तिसऱ्या दातावर लाल बाण चिकटवला.

“इथे जाड आहे,” म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत भावोजींच्या चावीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते परत घासायला बसले, आणि सवयीने दुसरं यंत्र बाईंपुढे सरकवलं. बाई खेळल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चावी नसताना आल्या. मी डबा घेऊन तिथेच उभी होते.

“काल मी तिसरी खोली पार केली होती,” बाई म्हणाल्या. “आज परत पहिली कशी?”

“मधे चार जण खेळून गेले ना.”

“मग त्यांना चौथीपासून का नाही दिलं?”

“असं कसं? नव्या माणसाने पहिल्यापासूनच सुरुवात करायला हवी. त्याशिवाय गोडी कळत नाही.”

“आणि यात साठतो एकाच माणसाचा खेळ?”

“हो. एकाचाच.”

“म्हणजे लोक खेळतात तेवढं तुम्ही रोज पुसता. अकरा वर्षं.”

भावोजींच्या हातातली कानस थांबली. बाईंनी पर्स उघडली आणि टपरीच्या फळीवर एक लाल बाण चिकटवला. त्याचं टोक भावोजींकडे होतं. मला हसू आलं, पण मी ते डब्याच्या झाकणाशी खटपट करण्यात घालवलं.

“आमच्याकडे एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “एक कॉलर शिवते, एक बाही, एक काज करते. संध्याकाळी नऊशे शर्ट होतात. एकाने एकच खोली खेळायची, पुढच्याने पुढची. लाईन लावा.”

“त्याला काय खेळणं म्हणायचं?” भावोजी फणकारले. “एक ना धड, भाराभर चिंध्या.”

“चिंध्या आत्ता आहेत. मी शर्टाचं बोलतेय.”

भावोजी दोन दिवस घरात घुम्यासारखे वावरले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे एक कोरी वही मागितली. ती यंत्राशेजारी सुतळीने बांधली आणि पहिल्या पानावर लिहिलं: खोली ४ पासून पुढे. कृपया मागे जाऊ नये.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते मी त्या चार महिन्यांत पाहिलं. आपली खोली पार केली की माणूस वहीत पुढच्यासाठी एक ओळ लिहायचा. औषधवाल्याचं अक्षर कुणाला लागायचं नाही, ते वाचायला झेरॉक्सवालीला बोलवायचे. पोस्टमनने एकदा लिहिलं, ‘मी हरलो, पण खाली उजवीकडे एक खिडकी आहे, तिच्याकडे लक्ष द्या.’ त्या खिडकीतून पुढच्या तीन खोल्या सुटल्या. आणि चाव्यांना एकदम ऊत आला. दातांच्या डॉक्टरने एका ड्रॉवरच्या चार चाव्या करून घेतल्या, त्या ड्रॉवरला कुलूपच नाही. आमच्या ह्यांनी तर कहर केला. विकून टाकलेल्या स्कूटरची चावी करून आणली. मी जाब विचारला तर म्हणाले, “एकोणनव्वदावी खोली होती गं, सोडवेना.”

भावोजी मात्र खूश नव्हते. आपला लाडका खेळ लोक तुकड्यातुकड्यांनी खातात हे त्यांना बघवत नव्हतं. तरी लक्ष सारखं वहीच्या आकड्यावर. शंभर झाले, एकशे वीस झाले. स्वतःच्या यंत्राला ते हातही लावत नव्हते. सेल जपायचा होता ना.

एका रविवारी सकाळी पोस्टमनने एकशे साठावी खोली पार केली. टपरीपुढे वीस-पंचवीस माणसं जमली. तपासनीसबाई सुट्टी असून आल्या होत्या. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी पेटीतून तार काढली, फुंकर मारून स्वच्छ केली आणि आपलं यंत्र चालू केलं.

पडद्यावर शिडीवाला पहिल्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता.

त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. शिडीवाला तिथेच. सेल गेला होता, आणि त्याच्याबरोबर एकशे साठ खोल्या. दुरुस्तीवाला काहीतरी पुटपुटला, ते कुणी ऐकलं नाही. इतकी वर्षं मी ह्या खेळाला मनातल्या मनात नावं ठेवली, पण त्यांचा चेहरा बघून मला भडभडून आलं.

“असू दे,” भावोजी म्हणाले. “तुमचं तर झालं ना.” त्यांनी कानस उचलली आणि आधीच तयार असलेली एक चावी घासायला घेतली.

औषधवाला म्हणाला, “काका, आपण यावरही लाईन लावू. आता सगळ्यांना पाठ आहे, महिन्यात उडवू.” लोक माना डोलवायला लागले. तपासनीसबाईंनी पर्स उघडली आणि भावोजींच्या यंत्रावर लाल बाण लावला.

“यावर लाईन नाही लावायची,” त्या म्हणाल्या. “हे काम एकहाती आहे.” मग त्यांनी भावोजींच्या हातातली कानस काढून बाजूला ठेवली. “दहा मिनिटं आहेत ना?”

भावोजींनी वर पाहिलं.

“मारामारी नाही, बंदूक नाही, घड्याळ नाही,” बाई म्हणाल्या. “खेळून बघा.”

पहिल्यांदा हसला तो पोस्टमन. मग भावोजी हसले, हसता हसता चष्मा काढून पुसला आणि यंत्र जवळ ओढलं.

दुरुस्तीवाल्याने त्यांच्या कॅसेटमध्ये नवा सेल घातला. पुसण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. जुना सेल होता तो गल्लीच्या यंत्रात, त्यामुळे जीव टांगणीला लागला तो सगळ्या गल्लीचा. त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. चाव्या दोन मिनिटांत मिळायला लागल्या आणि लोक हिरमुसले होऊन परत जायला लागले. जे थांबायचे ते भावोजींच्या खांद्यावरून डोकावायचे.

“काका, शिडी डावीकडे.”

“सांगू नका.”

“काका, खिडकी विसरलात.”

“अरे, सांगू नका म्हटलं ना.”

एकशे बाराव्या खोलीत ते अडकले. हीच खोली त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सहज सोडवली होती म्हणे. तीन दिवस झगडले, मग सगळे पांगल्यावर गुपचूप वही उघडली. पानावर औषधवाल्याचं अक्षर. शेवटी झेरॉक्सवालीला हाक मारावीच लागली.

एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांचे चारही भाग पूर्ण झाले. जुना सेल तग धरून होता. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डबा घेऊन गेले, तेव्हा भावोजी टपरीच्या आत, तपासनीसबाई बाहेर स्टुलावर, आणि मध्ये फळीवरून ती तार. शिडी कोण धरणार यावर त्यांचा वाद झाला होता. बाईंनी धरली होती. मागे लोक श्वास रोखून उभे होते, पण उन्हात पडद्यावरचं कुणालाच दिसत नव्हतं. मी डबा हातात धरून उभी राहिले. आमटी निवत होती, निवू दे म्हटलं.

बऱ्याच वेळाने दोघांचीही बोटं थांबली. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. बाईंनी पर्स उघडली, लाल बाणांची पट्टी काढली, जरा विचारात पडल्या, आणि पट्टी परत आत ठेवली. गल्लीला कळायचं ते कळलं. टाळ्या झाल्या.

“आत काय होतं?” सगळ्यांनी एकदम विचारलं.

भावोजींनी माझ्या हातून डबा घेतला, उघडला, पहिला घास खाल्ला. “खेळून बघा,” म्हणाले.

घरी रात्रीच्या जेवणाला ह्यांनी परत विचारलं, तर तेच उत्तर, “खेळून बघ.” मी वाढत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं. गल्लीतल्या उंदरामांजरांना विचारून झालं, मी तेवढी उरले. पण राग धरायचा कुणावर? नाही म्हणणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डब्याबरोबर स्वयंपाकघरातल्या कपाटाची चावी घेऊन गेले. ती फळीवर ठेवली.

भावोजींनी चावी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. “ही चांगली आहे, वहिनी.”

“माहीत आहे. अजून एक करा.”

त्यांनी यंत्रावर दुसरी चावी कापली. दोन मिनिटं. मग कानशीकडे हात गेला आणि तिथेच घुटमळला. दुसऱ्या हाताने त्यांनी गल्लीच्या यंत्रातला जुना खेळ पुसला आणि ते माझ्याकडे हळूच सरकवलं. पडद्यावर शिडीवाला पहिल्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता. मीच स्टूल ओढलं.

“कानस सावकाश चालवा, भावोजी,” मी म्हणाले.