ट्रॅक्टरचं तेल आणि सोमवारची गाडी

सावली गाव सोडलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांमध्ये) कापणी जोरात चालली होती, आणि मला ती पाहायची सवड नव्हती. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी कॉलेज उघडणार होतं. आज रविवार. मुलचेऱ्यापलीकडच्या, बंगालहून येऊन वसलेल्या लोकांच्या एका गावातल्या सहा मुलींसाठी ठरवलेली गाडी आज संध्याकाळपर्यंत त्या गावात उभी करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कॉलेज मुलचेऱ्यात, गाव लांब, मध्ये जंगल. मुली सायकलने जायच्या. पावसाळ्यात त्या रस्त्यावर वाघ दिसायला लागला आणि आईबापांनी सायकली घरात लावल्या. चंद्रपूरच्या आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाने एसटी मागितली. निवेदनं दिली, पत्रकं वाटली, उन्हात धरणं धरलं. उत्तर आलं, प्रवासी पुरेसे नाहीत. सहा मुली प्रवासी नाहीत तर काय सामान आहेत का, असं मी एका साहेबांना विचारलं, तर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. चहा नको होता मला, बस हवी होती. शेवटी पालकांनीच वर्गणी काढून गाडी ठरवली. त्यांच्यात सगळ्यात कठीण निताई मंडल. त्यांची माला बारावीला आहे. सभेत ते उठून म्हणाले होते, "सोमवारी गाडी दिसली तर पाठवणार. नाही दिसली तर नाव काढणार. मामाकडे रायपूरला जाईल, शिलाई शिकेल." बाकीचे पाच बाप त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे निताईदांचा निकाल तोच सहाही मुलींचा.

गाडी सुखदेवभाऊंची. सावलीजवळच्या खेड्यातला हा चाळिशीचा माणूस, आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. यंदा जुनी सात सीटर घेतली आणि मुलींच्या फेऱ्यांचं काम पहिल्यांदाच मिळालं, म्हणून स्वारी नवा शर्ट घालून बसली होती.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत थांबलो. आलूबोंडा आणि वरून तिखटजाळ रस्सा. भाऊंनी तीन खाल्ले, मी एक, तोही उभ्याउभ्या.

"बसून खा ना ताई. गाडी काई पळून नाई जाऊन राह्यली."

"तीच तर पंचाईत आहे," मी म्हणाले. गाडी खरंच पळत नव्हती. चामोर्शीपर्यंत वाटलं, जुनी आहे. पुढे सपाट रस्त्यावरही ती अडून बसल्यासारखी चालू लागली, कुणी मागून धरून ठेवावी तशी. मग जळका वास आला. घोटच्या अलीकडे उतरून बघितलं, तर पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. भाऊंनी बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्रर्र.

"ब्रेक धरून बसला," भाऊ म्हणाले. "काऊन बसला पण? दिवाळीच्या आधी तर मी तेल टाकलं त्यात."

"कोणतं?"

"ट्रॅक्टरचं. साधंसुधं नाई, महागाचं. आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच तेलात बुडून राह्यते. इतके वर्स झाले, एक तक्रार नाई."

चाकं थंड होईपर्यंत सागाच्या झाडांखाली मी येरझाऱ्या घातल्या. लोक म्हणतात, या जंगलात मन शांत होतं. माझं झालं नाही. मग गाडी रांगत रांगत घोटला नेली.

तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, कानात बाळी, फोनवर गाणी. बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची छोटी डबी असते, तिच्या झाकणावर बारीक इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं. छापलेलं दिसलं की मला वाचावंच लागतं. मी पुसून मोठ्याने वाचलं आणि भाऊंना मराठीत सांगितलं: फक्त डॉट तीन किंवा डॉट चार दर्जाचं ब्रेकचं तेल वापरा, सीलबंद डब्यातूनच.

"हे इथी लिहून होतं?" भाऊ वाकून बघू लागले. "सरकारनं मराठीत लिहाले का झालं होतं?"

सरकार आणि कंपनी यांतला फरक समजावत बसायची ती वेळ नव्हती.

मिस्त्रीने झाकण फिरवलं आणि आतली रबराची चकती ओढून काढली. ती मूळच्या खाचेत परत बसेना. फुगून तिच्या कडा लाटांसारख्या वाकल्या होत्या, पावसात राहिलेल्या पापडासारख्या.

"ट्रॅक्टरचं तेल पेट्रोल-डिझेलच्या जातीचं. ट्रॅक्टरातले रबर त्याच्यासाठीच बनते. हे रबर नाई," तो म्हणाला. "ते पिऊन हे फुगते. वरचं फुगलं तर आतले सगळेच फुगले असन. फुगून अटकले, म्हणून ब्रेक सुटून नाई राह्यला. आज धरून बसला. उद्या फाटला तर धरणारच नाई."

"मग?"

"सगळं तेल काढतो, नवीन भरतो. अर्ध्या घंट्यात सोडतो. आजचा दिवस चालून जाईन."

"आणि उद्या?"

"उद्याचं गाडीले माहीत."

त्याने फळीवरून अर्धी बाटली काढली. डॉट चार, म्हणजे गाडीला चालणारं. "ही कधी फोडली?" मी विचारलं. भाताच्या रोवणीच्या वेळेस, पावसाळ्यात, म्हणाला. झाकणावरचे शब्द मी त्याला पुन्हा दाखवले. तो हसायला लागला, पण बाटली परत ठेवली. उघडं राहिलं की हे तेल हवेतलं पाणी ओढतं, मग ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा दांडा ब्रेक न लागताच सरळ खाली जातो, हे त्यालाही ठाऊक होतं. "पण इथी कोण सील पाह्यते ताई? भरा म्हणते, आमी भरतो."

सगळे रबर बदलायचे, नळ्या धुवायच्या, सीलबंद तेल भरायचं, तर रबरांचं किट चंद्रपुरातून यायला हवं. रविवारी दुकानं बंद. म्हणजे दोन-तीन दिवस.

खरं सांगते, माझी जीभ 'भरा' म्हणायला वळली होती. गाव दोन तासांवर होतं. गाडी उभी दिसली असती, निताईदांनी मालाला बसवलं असतं. पण बसवलं असतं कशात?

"नाही," मी म्हणाले. "किट आल्याशिवाय या गाडीत एकही मुलगी बसणार नाही."

भाऊ उसळले. "तुमचं काय जाते? तुमी पत्रक वाटून घरी जासान. त्या पोरी घरी बसतीन, माह्यं काम जाईन. महिनाभर रोज सभेत सोमवार-सोमवार कोण करत होतं?"

मी करत होते. त्यांच्याशी आणखी वाद न घालता फुगलेली चकती कागदात गुंडाळली आणि एसटी धरली.

मुलचेऱ्यापासून एका मासळीवाल्याने मोटारसायकलवर घेतलं. दोन्ही पायांवर मासळीच्या पाटीतलं पाणी गळत होतं. गावात शिरताच भूगोल बदलतो. प्रत्येक घराला केळी, प्रत्येक घरामागे पोखर (तळं), अंगणं लिंपून गुळगुळीत. निताईदांच्या बायकोने मुढी (मुरमुरे) मोहरीच्या तेलात कालवून समोर ठेवली. ती गोळा करून तोंडात टाकेपर्यंत निताईदांनी विचारलंच.

"गाडी?"

"नाही आली."

"तू बोलली होती, सोमवार."

"बोलले होते. ब्रेकमध्ये चुकीचं तेल पडलं. हे बघा." मी चकती त्यांच्या हातावर ठेवली. "आजच्या दिवसापुरती ढकलून आणता आली असती. मी आणली नाही. दोन-तीन दिवस लागतील."

"दो-तीन दिवस! मग आठ दिवस, मग बारिश. तुम्ही लोक असेच." आवाज ऐकून शेजारचे दोघे-तिघे बाप आले. एक म्हणाला, "भाषण आमच्यापाशी, गाडी गॅरेजात."

माला दारात उभी होती. ती बापाला बंगालीत काहीतरी भराभर म्हणाली. मला एवढंच कळलं, की तिला रायपूर नको आणि शिलाई तर मुळीच नको. निताईदांनी तिला गप्प बसवलं. मग चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मी मुढी चावत होते आणि तो आवाज मला फार मोठा वाटत होता.

"ड्रायव्हर काय बोलला?"

"चला म्हणाला. मी नाही म्हणाले."

"हूं." त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. "सायकली काढा. गाडी येईपर्यंत आम्ही घेऊन जाणार, आम्ही घेऊन येणार. धान उभा राहील."

सोमवारी सकाळी पुढे तीन बाप, मागे तीन, मध्ये मुली, असा ताफा निघाला. मी एकाच्या कॅरिअरवर. दोन्ही बाजूंना पिकून वाकलेलं धान, लोंब्या गळायला आलेल्या, आणि ते कापायचे हात हॅण्डलवर. कुणी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. वळणावर निताईदा घंटी वाजवत राहिले, वाघाला कळावं म्हणून. माला पुढच्याला म्हणाली, "काका, घंटीने वाघ नाही पळणार, तुमच्या चेनचा आवाज ऐकून पळेल." सगळे हसले. मी कॉलेजचं फाटक येईपर्यंत झाडीवरून नजर काढली नाही.

परतीच्या बसमधून घोटला उतरले. सुखदेवभाऊ गॅरेजबाहेर पाटावर बसलेले, नवा शर्ट काळा झालेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसल्या ना पोरी घरी?"

"नाही. गेल्या. बापांनी कापणी सोडली. किट येईपर्यंत रोज दोन्ही वेळा तेच नेणार-आणणार."

भाऊंनी मिस्त्रीला विचारून घेतलं, किट बुधवारी येणार. मग उठले, हातपाय धुतले आणि समोरच्या दुकानातून एक नवा विळा घेऊन आले.

"कुठं?" मी विचारलं.

"मुलचेऱ्याची गाडी लागून आहे. बुधवारपर्यंत इथी बसून काय करू? धान कापाले मले येते." बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. माझ्यावरचा राग अजून गेला नव्हता. "अन् तुमी थांबा इथी. किट आलं का हा मिस्त्री सीलबंद बाटली फोडते का जुनीच टाकते, पाह्यत बसा."

बस गेली. चंद्रपूरला मंगळवारी बैठक होती, एसटीसाठी नवं पत्रक काढायची. मी फोन करून सांगितलं, मजकूर तुम्ही लिहा, मी बुधवारशिवाय येत नाही. मग त्या पाटावर बसले. प्रवासात पहिल्यांदाच स्वस्थ बसले होते, आणि पाच मिनिटांत उठून फळीवरच्या बाटल्या बघायला गेले.