मज्जामामा आणि माझं अर्धं बोट

माणसाच्या शरीरावर आमच्या मामांइतका खूश झालेला माणूस चाकणपासून चिंचवडपर्यंत शोधून सापडायचा नाही. स्वतःच्या शरीरावर नव्हे. त्यांचं पोट सुटलेलं आणि केस उडालेले. ते खूश होते आतल्या वायरिंगवर! मामा माझे सख्खे नव्हेत. गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधणारी आमची कंपनी, तिथं ते तपासनीस होते, खेडकडच्या जुन्या शेतकरी घरातले. मी नववीतून शाळा सोडून हिंगोलीहून आलेला कंत्राटी कामगार. त्यांची मुलगी नर्सिंग शिकत होती. तिचं पुस्तक त्यांनी एकदा कंपनीच्या बसमध्ये सहज चाळायला घेतलं आणि तिथून जे बिघडले ते कायमचे. "राव, मेंदू म्हंजी कंट्रोल बॉक्स! कण्यातनं जाडजूड मेन लाइन, आन तिथनं पार नखापातुर फांद्या! आमी जल्मभर ह्येच बांधतोय, आन आमालाच ठावं न्हाई!" हे ते भर कँटीनमध्ये ओरडले तेव्हा त्यांची बाही शेजारच्याच्या आमटीत होती.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'मज्जातंतू'. पोरं मुद्दाम विचारायची, "काय मामा, मज्जा का?" मामा गंभीर व्हायचे. "ती मज्जा येगळी, ही येगळी. ही हाय म्हून ती हाय." नाव पडलं ते पडलंच, मज्जामामा. कुणाचा हात गरम चहाच्या किटलीला लागून झटकन मागं आला की फुंकर घालायची सोडून ते टाळी द्यायचे. "बघितलं? हात मागं घ्यायचा हुकूम कण्यानंच दिला! मेंदूला मागनं कळवलं. न्हाईतर आपला सुपरवायझर, वरनं मेल आल्याबिगर हालत न्हाई!" एकदा तर ड्रायव्हरच्या पायातला बूट काढून त्याच्या कमरेपासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवत म्हणाले, "हितनं तितपातुर एकच पेशी! मधी एक जोड न्हाई!" ड्रायव्हरला गुदगुल्या झाल्या, बस दहा मिनिटं उशिरा सुटली.

पण त्यांची खरी समाधी लागायची ती फटीपाशी. एका चेतापेशीचं टोक दुसरीला टेकतच नाही, मध्ये बारीकशी फट असते, तिच्यातून रसायन पलीकडे जातं आणि निरोप पोचतो. शिवाय तंतूवरचं वेष्टनही सलग नाही, मधेमधे उघडं. त्या उघड्या जागांवरून निरोप उड्या मारत पळतो. "जोडात फट, टेपिंग तुटक! देवानं हा माल आपल्याकडं धाडला असता तर म्या लाल स्टिकर लावून परत केला असता! आन तरी चालतंय बघा, भावा!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे.

मी हसायचो, पण आतून घाबरलेला असायचो. माझ्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली होती. पिना हातातून निसटायच्या. हात गेला तर काम गेलं, काम गेलं तर बॅग भरून हिंगोली. आईला काय सांगणार? लाइनीवरचा एक जण म्हणाला, "नस दबली, भाऊ. रक्त पोचत नाही. मनगटाला दोरा बांध घट्ट." मी बांधला. आमच्याकडं नस म्हणजे सगळंच, रक्ताचीही तीच आणि दुखण्याचीही तीच.

मामांनी दोरा पाहिला.

"ह्ये काय?"

"नस दबली, मामा."

"कंची नस?" त्यांचा आवाज असा चढला की मशीनवरची माणसं थांबली. "रक्ताची शीर म्हंजी पाइप! मज्जातंतू म्हंजी वायर! वायर बिघडली म्हून पाइप आवळतोस? सोड त्यो दोरा! डोळे मीट."

वायरीतली तांब्याची एक केसासारखी तार घेऊन ते बोटांवर टेकवत गेले, जणू मी त्यांच्या तपासणीच्या बोर्डावरचा जुडगाच. अंगठा, कळलं. तर्जनी, मधलं बोट, कळलं. करंगळी, नाही. अनामिका?

"अंगठ्याकडून कळतंय, मामा. करंगळीकडून नाही."

"अर्धं बोट!" मामांनी उडीच मारली. "अर्धंच बोट! पुस्तकात हाय! ह्या बोटाला दोन वायरी, करंगळीकडची कोपरावरनं येती! लका, बल्बात फॉल्ट न्हाई, वर लाइनीत हाय. कोपर कुटं टेकतोस?"

मी दाखवलं, टेबलाच्या लोखंडी कडेवर. रोज, आठ-आठ तास. मला हिंगोलीची बस दिसत होती आणि हा माणूस आनंदानं नाचत होता.

पण त्याच दुपारी अर्धी सुट्टी टाकून तेच मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, कोपरापाशी मज्जातंतू दाबला जातोय. कोपर टेकू नका, सुधारेल, वेळ लागेल. मामा बाकावर असे बसले होते, जणू पेपर त्यांनीच सोडवलाय. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरसमोर उभे राहिले. "ह्या पोराला दोन म्हैने लेबलं चिकटवायला बसवा. वायर जुळतीय, घाई चालायची न्हाई." आणि माझ्या टेबलाच्या कडेला त्यांनी स्वतः रबराचा जाड तुकडा चिकटवला, वर हिरवं स्टिकर: पास.

काम राहिलं. हात परत आला, थोडा थोडा करत. आईला मी यातलं काही सांगितलंच नाही.

गेल्या वर्षी मामा निवृत्त होऊन गावी गेले. आता किटलीला हात लागला तर माणसं नुसती फुंकर घालतात. परवा घाईत माझं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं आणि करंगळीपर्यंत सणसणीत करंट गेला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हणाला, "लागलं का रे?"

मी म्हणालो, "नाही रे. लाइन चालू आहे." आणि कोपर चोळत मामांना फोन लावला.