पाचवं शील

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण परळच्या आमच्या चाळीत आज कुणालाही विचारा, उलटंच सांगतील.

दादा शिवडीच्या गोदामात कामाला होता. आधी त्याचा तोल जायला लागला, मग जीभ जड झाली, मग घराकडे यायचा रस्ता चुकायला लागला, मागचं आठवेनासं झालं. एचआयव्ही असल्याचं कळलं तोवर तो मेंदूपर्यंत पोचला होता. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचं नुकसान कदाचित थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं नाही.

चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दादा गॅलरीत भिंत धरून चालायचा, ते सगळ्यांना दिसायचं. घेऊन आलाय वाटतं, असं शेजारीण कुजबुजली आणि आईने तेच धरून ठेवलं. दारुड्याला चाळ सांभाळून घेते. या आजाराचं नाव निघालं तर आपल्याकडचा कप कुणी तोंडाला लावणार नाही, असं तिचं म्हणणं. मी खूप भांडले. पण ती चुकतेय असंही छातीठोक म्हणता येईना, आणि त्याचाच जास्त संताप यायचा.

चाळीने खरंच सांभाळून घेतलं. इतकं, की एका पौर्णिमेला विहारातली जाणती माणसं दादाला सुधारायला घरी आली. अख्ख्या मजल्याच्या पोरांकडून ज्याने पंचशील पाठ करून घेतलं, त्यालाच समोर बसवून त्यांनी ते पुन्हा घ्यायला लावलं. चौथं, खोटं न बोलण्याचं शील चाललं होतं तेव्हा आई जमिनीकडे बघत होती. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, त्यांनी दादाकडून दोनदा म्हणून घेतलं. तो अडखळत होता, पण मन लावून म्हणत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला ओरडावंसं वाटत होतं. मी सगळ्यांना चहा दिला.

माणसं गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं.

"मी लय प्यायचो का गं?"

शेजारीण अजून गॅलरीतच उभी होती. मी रिकामे कप गोळा करायला लागले.

"सुटली आता," आई म्हणाली.

दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी महिन्यांनी तो हसला.

"मग आता बरा होईन ना मी?"